उकळलेला गंज

शेडमध्ये तारेच्या आकड्याला टूल पोस्टचा, म्हणजे लेथवर कापायचं टूल धरणाऱ्या भागाचा, एक होल्डर टांगलेला आहे. सकाळी सातला अडकवला तेव्हा काळसर होता. आता साडेअकराला त्याच्यावर नारिंगी लव चढली आहे, बोट लावलं तर ठसा उमटेल इतकी पातळ. बोट लावायचं नाही. बारा वाजता तो उकळत्या पाण्यात जाईल आणि अर्ध्या तासाने बाहेर येईल तेव्हा ती लव काळी झालेली असेल. ही त्याची चौथी फेरी. सहा होल्डर करायचे ठरवले होते, त्यातला हा शेवटचा. पाणी तापायला वेळ आहे, म्हणून लिहायला बसलोय.

मी टूल रूमचा माणूस. आयटीआयमधून फिटर झालो, शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं जिग-फिक्स्चर, म्हणजे मशीनवर वस्तू जागेवर धरायची साधनं, केली आणि २०१७ साली निवृत्त झालो. रमणमळ्यात घरामागे पत्र्याची दहा बाय चौदाची शेड टाकली आणि उद्यमनगरातून एक जुना साडेचार फुटी लेथ आणला. लेथ चांगला निघाला, पण त्याच्यावर जुना चौकोनी टूल पोस्ट होता. प्रत्येक टूल बदललं की खाली पॅकिंगच्या पट्ट्या घालून लेथच्या सेंटरच्या उंचीला आणायचं, परत बोल्ट आवळायचे, परत बघायचं. कारखान्यात दुसऱ्याच्या वेळेवर हे चालतं. घरी आपला वेळ त्यात जातो. म्हणून डोव्हटेलचा, म्हणजे तिरक्या खाचेत होल्डर सरकवून पटकन टूल बदलता येणारा पोस्ट करायला घेतला. ब्लॉक आणि होल्डर ईएन ८ या मध्यम कार्बन स्टीलचे, क्लॅम्पचा स्क्रू ओएचएनएस या तेलात हार्ड होणाऱ्या टूल स्टीलचा. मिलिंग ओळखीच्या एका शॉपमध्ये रविवारी मशीन मोकळं असताना करून घेतलं. बाकी टर्निंग, ड्रिलिंग, टॅपिंग, कानस, सगळं इथेच.

पार्ट झाले, मापाला बसले आणि पहिल्याच पावसात गंजले.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात पांढरं, म्हणजे वर काही न लावलेलं स्टील उघडं ठेवता येत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. टूल रूममध्ये आमच्यात एक जण होता, कामाला अतिशय चोख, पण त्याचा हात घामट. त्याने सकाळी हातात घेतलेल्या ग्राइंड केलेल्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी पाची बोटं तांबडी उमटलेली असायची. वस्तादांनी त्याला स्लिप गेजच्या, म्हणजे मापाच्या अचूक ठोकळ्यांच्या पेटीला कधी हात लावू दिला नाही. तो बिचारा ओशाळायचा, पण वस्तादांचंही बरोबर होतं. काहींचा घामच तसा असतो. घरी मात्र माझा स्वतःचा अंगठा माझ्याच होल्डरवर उमटला आणि तेव्हा ठरवलं की याला काळं करायचंच.

बाजारात मिळणारे टी-बोल्ट, क्लॅम्प, चक की, ॲलन बोल्ट काळे का असतात हे बाहेरच्या माणसाला वाटतं तसं रंगाचं प्रकरण नाही. रंग वर बसतो. हा काळा थर लोखंडातूनच तयार होतो. त्याची जाडी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोव्हटेलला रंग दिला तर होल्डर पोस्टवर चढणारच नाही. प्लेटिंग केलं तरी काही मायक्रॉन वाढतात आणि घट्ट बसणारी जोडी अडकते. मी पहिल्या होल्डरचं डोव्हटेल दोन पिना टाकून मायक्रोमीटरने आधी मोजलं आणि काळं केल्यावर परत मोजलं. काटा तिथेच. टूल रूममध्ये या कामाला सगळे ब्लॅकोडायझिंग म्हणतात. जॉब, म्हणजे हातात घेतलेला पार्ट, ब्लॅकोडाइजला गेला, ब्लॅकोडाइज होऊन आला. चौतीस वर्षं हा शब्द वापरला, पण त्या टाकीत नक्की काय होतं ते कधी नीट विचारलं नव्हतं.

ते मला पुराने शिकवलं.

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापुरातलं कुणी विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल एवढं मी वर नेलं. लेथला जमेल तितकं ग्रीस फासलं आणि आम्ही पाहुण्यांकडे निघून गेलो. परत आलो तेव्हा शेडमध्ये छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती. ड्रॉवरमधली हत्यारं, टॅपची हँडलं, आयटीआयच्या दिवसांत स्वतः केलेला व्ही ब्लॉक (गोल जॉब ठेवायचा व्ही खाचेचा ठोकळा), सगळं तांबडं आणि चिखलाने माखलेलं. तो व्ही ब्लॉक हातात घेऊन मी बराच वेळ नुसता उभा होतो.

सौ. म्हणाली, "अहो, आधी सगळं उकळून घ्या. वास तर जाईल." म्हणून जुन्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि धुण्याचा सोडा घालून एकेक वस्तू उकळायला लागलो. गाळ, तेल, वास निघावा एवढाच हेतू. जिथे गंजाचे जाड पोपडे होते तिथे काही झालं नाही, ते नुसते सुटून पडले. पण व्ही ब्लॉकच्या बाजूंवर जिथे गंज पातळ, सारखा पसरलेला होता, तिथे तो बाहेर आला तेव्हा काळा होता. मला वाटलं तेल जळून चिकटलं असेल. चिंधीने पुसलं. वरची काळी पूड निघाली आणि खाली घट्ट, राखाडीकडे झुकणारा काळा रंग तसाच राहिला. नखाने निघेना.

माझी मुलगी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिला फोटो पाठवला. रविवारी आली ती कपाटावरचं लोहचुंबक घेऊनच. दातांच्या ब्रशने घासून निघालेली ती काळी पूड कागदावर घेतली आणि खालून चुंबक फिरवलं. पूड कागदावर उभी राहून चालायला लागली.

"अप्पा, लाल गंज चुंबकाला असा धरत नाही. हा मॅग्नेटाइट आहे," ती म्हणाली. लाल गंजात ऑक्सिजन जास्त आणि पाणीही अडकलेलं. उकळत्या पाण्यात, खालच्या लोखंडाच्या संगतीत त्याची मांडणी बदलते आणि तीन अणू लोखंडाला चार अणू ऑक्सिजन असा काळा ऑक्साइड तयार होतो. लाल गंज फुगतो, भुसभुशीत असतो, ओल धरतो आणि खालचं लोखंड खात राहतो. काळा दाट असतो, धातूला घट्ट धरून बसतो.

मॅग्नेटाइट म्हटल्यावर मला नदी आठवली. लहानपणी रेडिओच्या फुटक्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून आम्ही पंचगंगेच्या वाळूत ओढायचो. त्याला काळ्या कणांची दाढी यायची. आपला काळा कातळ झिजून वाळू होते तेव्हा त्यातून हे कण सुटतात. ज्या काळ्या वाळूशी पोरवयात खेळलो तीच वस्तू माझ्या व्ही ब्लॉकवर चढली होती, हे कळल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

तरीही सरळ याच वाटेने गेलो नाही. आधी बाकीच्या सगळ्या करून पाहिल्या, आणि त्या सांगायला हव्यात, कारण त्यातल्या दोन घरात करण्यासारख्या नाहीत.

कारखान्यातली गरम पद्धत म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट-नायट्राइटची मिठं पाण्यात इतकी दाट विरघळवायची की ते द्रावण शंभरला न उकळता १४० अंशांच्या आसपास उकळतं. त्यात जॉब वीस-पंचवीस मिनिटं सोडला की पृष्ठभागाचं लोखंड सरळ मॅग्नेटाइट होतं. काम सुंदर होतं, खोल काळं, एकसारखं. पण त्या टाकीचं तापमान पाण्याच्या प्रमाणावर चालतं. पाणी उडून गेलं की तापमान चढतं आणि जॉबवर तांबूस झाक येते. मग पाणी घालावं लागतं, आणि १४० अंशांच्या कॉस्टिकमध्ये पाणी एकदम पडलं की त्याची तिथेच वाफ होऊन टाकी उसळते. आमच्या एका सोबत्याच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत त्याचा डाग आहे. कॉस्टिक नुसतं भाजत नाही, कातडी विरघळवत जातं, डोळ्यात गेलं तर डोळा जातो. ज्यांच्याकडे एक्झॉस्ट आहे, तापमानाचा कंट्रोल आहे, धुवायला धार आहे, त्यांनी ते करावं. घरामागच्या शेडमध्ये, जिथे नातवंडं येतात, तिथे मी ते करणार नाही आणि कुणी केलेलं मला आवडणार नाही.

पोस्टचा मुख्य ब्लॉक मी एका ब्लॅकोडायझिंगवाल्याकडे दिला होता. तेव्हा माझ्याकडून एक चूक झाली. ब्लॉकसोबत उंची बदलायची स्क्रू-असेंब्ली तशीच जोडलेली होती आणि तिच्यावर रेघा मारलेली ॲल्युमिनिअमची कॉलर होती. ती काढायचं राहिलं. परत आलं तेव्हा ब्लॉक झकास काळा आणि कॉलरच्या जागी खरवडून खाल्लेली, बोटाने चुरगळणारी जाळी. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनिअम हायड्रोजन सोडत विरघळतं, जस्ताचंही तेच. त्या कॉलरवर पन्नास रेघा मी हाताने इंडेक्स करून मारल्या होत्या. ब्लॅकोडायझिंगवाल्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. दिलेलं ते काळं केलं. तेव्हापासून काहीही काळं करायला घेताना मी पहिल्यांदा ते पूर्ण सुटं करतो आणि प्रत्येक तुकडा कशाचा आहे ते मोठ्याने म्हणतो.

थंड पद्धतीची बाटली मिळते. फिकट निळसर पाणी, पुसलं की मिनिटभरात स्टील काळं. चार टी-नट (मशीनच्या खाचेत बसणारे नट) केले. दिसायला एकदम छान, पण आठवड्याभरात धारांवरचा रंग गेला आणि बोटं काळी व्हायला लागली. मुलीने बाटलीवरचं वाचलं आणि लगेच झाकण लावलं. त्यात मोरचूद आणि सेलेनियमचं संयुग असतं. जो काळा थर बसतो तो लोखंडाचा ऑक्साइड नसतोच, तांबं आणि सेलेनियम मिळून वर बसलेला असतो, म्हणून तो धरत नाही. आणि सेलेनियम विषारी आहे. "अप्पा, हे गटारात ओतायचं नाही, जयंती नाल्यातून सरळ नदीत जातं," असं तिने दोनदा बजावलं. उरलेलं अजून बंद कॅनमध्ये, नाव लिहून, उंच फळीवर आहे. बाजारच्या बोल्टचा एखादा ओरखडा झाकायला ही बाटली चालेल. स्वतः तासून काढलेल्या वस्तूला मी ती लावणार नाही.

तिसरी वाट जुनी, लोहाराची. जॉब निळा होईपर्यंत तापवायचा आणि तेलात बुडवायचा. एमएसच्या, म्हणजे साध्या मऊ स्टीलच्या हँडलला, नर्लिंग केलेल्या (पकडीसाठी खरखरीत रेघा पाडलेल्या) नटला ही पद्धत मला अजूनही आवडते. पण निळा रंग म्हणजे जवळजवळ ३०० अंश. मी उत्साहाच्या भरात ओएचएनएसचा क्लॅम्प स्क्रूही टॉर्चने तापवला. तो हार्ड करून मी २०० अंशांना टेम्पर केला होता, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून परत तापवला होता. काळा मस्त झाला, आणि महिन्याभरात त्याचं टोक चेपून फुलासारखं पसरलं. कानस लावून बघितली तर सहज धरली. आधी घसरत होती. ३०० अंशांना नेऊन मीच त्याची हार्डनेस उतरवली होती. स्क्रू दुसरा करावा लागला.

मग मात्र पातेल्याकडे परत आलो. उकळत्या पाण्याची शंभर अंशांच्या वर उडी नाही, त्यामुळे हार्ड केलेल्या वस्तूलाही धक्का लागत नाही. विषारी काही नाही. आणि जो पाऊस माझी हत्यारं खात होता, त्यालाच आता कामाला लावता येतं. बंदूक करणारे कारागीर पूर्वीपासून नळ्या अशाच काळ्या करत आले आहेत. गंज आणायचा, उकळायचा, घासायचा आणि परत गंज आणायचा.

आता माझी रीत सांगतो. हे सगळं कमी-जास्त करून बघण्यात तीन पावसाळे गेलेत.

फिनिश आधी. काळं केलं की ओरखडे लपतील असं वाटतं, होतं उलटं. कानशीचा एक आडवा फटका राहिला तर काळ्यावर तो जास्त दिसतो. मी ३२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर लावून एकाच दिशेने ओढतो. आरशासारखं चमकवू नये, फार गुळगुळीत पृष्ठभागावर गंज सारखा धरत नाही. कोपरे थोडे मोडून घ्यायचे. नंबर पंच मारायचा असेल तर तो याच वेळी.

मग तेल काढणं. सगळं काम इथे ठरतं, आणि इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. आधी थिनरने, मग धुण्याचा सोडा घालून उकळत्या पाण्यात, मग ब्रशने. पाण्याखाली धरायचं आणि तिरकं करून बघायचं. पाण्याचा पापुद्रा सलग राहिला पाहिजे. कुठे तो फाटून थेंब झाले तर तिथे तेल आहे, परत सोडा. पहिल्या होल्डरला मी बाहेरून लख्ख धुतलं आणि टॅप केलेली भोकं विसरलो. उकळायला लागल्यावर आट्यांत दडलेलं कटिंग ऑइल बाहेर आलं, पाण्यावर तरंगलं आणि होल्डर काढताना त्याच्या अंगावर पसरलं. भोकाखाली पांढऱ्या रेघा उठल्या. सगळं परत घासून पहिल्यापासून. आता भोकांत कापसाची वात थिनरमध्ये भिजवून फिरवतो, ती पांढरी बाहेर येईपर्यंत. इथून पुढे जॉबला उघडा हात नाही. तारेचा आकडा आणि स्वच्छ हातमोजे.

गंज आणायला पहिल्या फेरीलाच द्रावण लावतो. औषधाच्या दुकानातलं सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, तेवढंच साधं व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ. डोळ्याला चष्मा आणि खिडकी उघडी. कापसाने अगदी ओलसर फिरवायचं, ओघळ येऊ द्यायचा नाही. पहिल्या वर्षी मी मीठ चमचाभर घातलं, गंज दहा मिनिटांत भराभरा आला आणि मी खूश झालो. पण तो जाडाभरडा होता, खाली बारीक खड्डे पडले. शिवाय मिठाचा अंश आत राहून तीन आठवड्यांनी तेलाखालून परत तांबडे ठिपके फुटले. गंज जितका सावकाश तितका बारीक, आणि जितका बारीक तितका काळा रंग दाट. म्हणून दुसऱ्या फेरीपासून द्रावण बंद. जुलै-ऑगस्टमध्ये शेडची हवाच पुरते. उन्हाळ्यात केलं तर पत्र्याच्या पेटीत ओलं गोणपाट ठेवून त्यात टांगावं लागतं, पण उन्हाळ्यातला रंग मला कधी तेवढा आवडला नाही.

चार-पाच तासांत नारिंगी लव येते. पूर्ण सारखी यायची वाट बघायची नाही, कुठे थोडी कमी असली तरी पुढच्या फेरीत ती भरते. उकळायचं पाणी मात्र महत्त्वाचं. बोअरचं पाणी वापरलं की क्षारांचे पांढरे डाग बसतात, ते परत निघत नाहीत. पहिले दोन-चार पाऊस पत्रा धुवून गेले की मी पन्हळीखाली झाकणाचा ड्रम लावतो, त्याच पाण्यात सगळं करतो. ते नसेल तर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी. पातेलं स्टीलचं आणि फक्त याच कामाचं, त्याच्यावर लाल रंगाने फुली मारली आहे. पाणी खळखळ उकळत असतानाच जॉब सोडायचा. पहिल्या दोन मिनिटांत नारिंगी काळवंडायला लागते, आधी कडांना, मग सपाट भागावर, आणि दहा मिनिटांत सगळं मखमली काळं. तरी अर्धा तास होऊ देतो. काढण्याआधी पाण्यावरचा तवंग कागदाने ओढून घेतो.

बाहेर आल्यावर तो गरम असतो, स्वतःच्या उष्णतेने कोरडा होतो. आता घासणं. अगदी बारीक स्टील वूल, तेही थिनरमध्ये धुवून, कारण त्याला तेल लावलेलं असतं. भांडी घासायची घासणी चालत नाही, ती ओरबाडते. हाताला जोर न देता फक्त वरची सैल पूड उचलायची. पहिल्या फेरीनंतर जे दिसतं ते बघून कुणालाही वाटेल की फुकट गेलं. धुरकट राखाडी, मध्ये पांढरट. दुसऱ्या फेरीला तो करडा होतो, तिसऱ्याला शाईसारखा, चौथ्या-पाचव्याला काळा. नर्लिंगच्या खळग्यांत पूड राहते, तिथे दातांचा ब्रश.

स्टील प्रत्येकाचं वेगळं बोलतं. एमएस भराभर घेतं, ईएन ८ सगळ्यात छान, सारखं आणि दाट. ओएचएनएसला एक-दोन फेऱ्या जास्त. स्टेनलेस गंजतच नाही, तर काळं कुठून होणार. मापाचे चेहरे मी काळे ठेवत नाही. व्ही ब्लॉकचा व्ही आणि सरफेस गेजचा तळ शेवटी सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाट्यावर) बारीक लॅप करून, म्हणजे घासून परत पांढरे करतो. काळ्या अंगाचा तो पांढरा तळ मला फार देखणा वाटतो. डोव्हटेल मात्र काळंच राहू देतो, तिथे तेल धरून राहतं.

शेवटच्या फेरीनंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात पाच मिनिटं उकळी, मग स्वच्छ पाण्यात एक, आणि गरम असतानाच ६८ नंबरच्या स्लाइडवे ऑइलमध्ये पूर्ण बुडवून रात्रभर. हा काळा थर स्वतः पाणी अडवत नाही. त्याला बारीक छिद्रं असतात, ती तेल पिऊन धरून ठेवतात, आणि गंज थांबतो तो त्या तेलामुळे. २०२१ च्या जुलैत पाणी परत शेडमध्ये आलं तेव्हा दोन काळे टी-नट क्रॉस स्लाइडच्या खाचेत विसरले होते. बाहेर काढले तर कडांना तांबडे डाग पडलेलेच होते. तेल धुवून गेलं होतं. परत एकदा उकळले, आता ते पहिल्यापेक्षा काळे आहेत.

हिरड्याचंही सांगून टाकतो. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो हे आपल्याकडे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. तुरट चवीतला टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर काळा रंग देतो, हिरड्यात तो भरपूर. लेथच्या पायांवर पुराचा जो खोल गंज राहिला होता तिथे मी हिरड्याचा दाट काढा दोन-तीनदा ब्रशने फिरवला. गंज निळा-काळा होऊन जागेवर बसला आणि वर रंग देता आला. होल्डरवर मात्र तो घासाला टिकला नाही. ज्याचं काम त्याला.

पाणी उकळलं. होल्डर सोडून परत आलो. मुलीने मागच्या आठवड्यात विचारलं होतं, "अप्पा, सहावा कशासाठी? पाच पुरे होते." सहावा पार्टिंग टूलसाठी, म्हणजे जॉब कापून वेगळा करायच्या टूलसाठी. ते टूल सगळ्यात जास्त सेंटरला पाहिजे आणि पॅकिंगच्या पट्ट्यांवर सगळ्यात जास्त छळायचं. त्याच्या बाजूवर मी सहाचा पंच मारलाय. काळं झालं की त्या आकड्यात पांढरा ऑइल पेंट भरून वरून पुसून घेईन, बाकीच्या पाचांना केलाय तसा. आज घासून बघतो, पाचवी फेरी लागेल असं वाटतंय, उजव्या कडेला अजून करडं दिसत होतं. पाऊस आहे तोवर ती उद्या दुपारपर्यंत होईल. परवा सकाळी तेलातून काढला की पहिला कट त्याच्यावर घ्यायचा आहे.